माहा मामा, वीजवीर

माह्या मामाले तुम्ही पाह्यलं असन. मोबाईलवर. शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडाचा अंगाले चिकटलेला ड्रेस, छातीवर पिवळ्या साटीनची वीज, पाठीवर मांडवाच्या कापडाचा पडदा. उडाच्या आधी थो पायातल्या चपला काढते, बाजूले जोडीनं नीट ठेवते, हात जोडते, आन मंग उडी मारते. त्याच्या खाली लोकायनं हासून हासून रडनारे चेहरे लावले.

थो माहा मामा आहे. प्रेमदास. हिंगणीले बस स्टॅन्डसमोर त्याचं शिवनाचं दुकान आहे. मी दहावीत शाळा सोडली तवापासून तिथंच आहे, पिको-फॉल करते. गावातल्या समद्यायनं मले इचारलं काऊन सोडली, मारलं कोनी काय, पोराबिराचं काई आहे काय. मामानं नाई इचारलं. दुसरी मशीन पुसली, तेल टाकलं, म्हने बस. म्हनून मामाले कोनी हासलं की माहं डोकं फिरते. आन हासवाले सुरुवात मीच केली, थेबी सांगून टाकते.

चपलीचं आधी सांगते. जिथून मामा उडी मारते थो मारुतीचा ओटा आहे. ओट्यावर चपला घालून चढन कोन? मामानं सवयीनं काढल्या. शुटिंगवाला सेलूचा होता, लग्नाची शुटिंग करनारा. थो म्हने, एवढं नंतर कापू. कापाचं राहून गेलं. उडतानाचा सीन दुसऱ्या दिवशी पान्याच्या टाकीवर घेतला, तिथं ना ओटा ना देव, म्हनून हवेत मामाच्या पायात चपला पुन्हा आहे. लोकायले वाटते येडे होते. येडे नव्हते. ओटा होता.

मामा जवानीत दंडारीत काम करे. दंडार म्हनजे गावातलं रात्रभराचं नाटक-गानं, माईकबिईक काई नाई. लिमाच्या झाडाखाली शेवटी बसलेल्या म्हाताऱ्याले ऐकू गेलं पाह्यजे, म्हनून एकेक शब्द लांबवाचा आन हात खांद्याच्या वर न्याचा. मामा कॅमेऱ्यासमोरबी तसाच बोलला. त्याले कोनी सांगतलंच नाई का कॅमेरा जवळ असते.

पिच्चरचं खूळ तान्ह्या पोळ्यातून निघालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचे बैल घेऊन, ड्रेस घालून येते. शिवाजी, पोलीस, गांधीबाबा, समद्यायचे ड्रेस मामाच शिवे. एका वर्षी एक पोरगं म्हने, मले असा ड्रेस शिवून दे जो कोनीच नाई पाह्यला. मामानं वीजवीर शिवला. पोराचा नंबर आला नाई, पन मोतीलालनं थो ड्रेस पाह्यला आन मामाले म्हने, हा तुह्या मापाचा शिव.

मोतीलाल मामाचा दुसरीपासूनचा दोस्त. लाईनमनच्या हाताखाली खंब्यावर चढे. माह्यासाठी मोतीकाका. थे २००६ साल होतं. गावात बारा-बारा घंटे लाईन नसे. पोरं कंदिलात अभ्यास करत, मोटर रात्री चालू करा लागे, आन लोकं शिव्या देत मोतीकाकाले, जसा काई थोच घरी लाईट बांधून नेते. तर या दोघायनं पिच्चर काढला. शिंप्याच्या मशीनवर वीज पडते आन थो वीजवीर होते. अंधारसेठ नावाचा चोर गावाच्या डीपीतलं, म्हनजे ट्रान्सफॉर्मरमधलं, तेल आन तांब्याची तार चोरते. अंधारसेठ म्हनजे मोतीकाका, गोंदानं चिकटवलेली मिशी लावून. शेवटी अंधारसेठचा हात डीपीत जाते, त्याले शॉक बसते, थो खूप वेळ थरथरते आन पडते. मंग वीजवीर त्याच्या छातीवर हात ठेवून त्याच्या अंगातला करंट स्वतःच्या अंगात घेते. अंधारसेठ उठते, हात जोडते, आन गावाची लाईट स्वतः चालू करते. मिक्सिंगवाल्याकडं लग्नाचेच इफेक्ट होते, म्हनून थो उठते तवा वरून गुलाबाच्या पाकळ्या पडते आन दोन हंस चोचीले चोच लावते.

मामा सांगे, ग्रामपंचायतीच्या मैदानात जनरेटर लावून दाखवला तवा कोनी हासलं नाई. मले वाटते हासले असतीन. पन थे गावचे होते. ज्याले हासत होते थोच बाजूले बसून शेंगा खात होता.

तीन वर्सानं मोतीकाका खंब्यावरच शॉक बसून गेला. लाईन बंद आहे समजून चढला होता आन लाईन आली. कोनं चालू केली थे कधी ठरलंच नाई. मी तवा चार-पाच वर्साची होती. मले आठवते थे एवढंच का मामा दुकान उघडून बसला होता आन मशीन चालवत नव्हता. त्यानं दंडार सोडली. पिच्चरची सीडी कापडाच्या चिंध्यायच्या पोत्यात टाकली.

मागच्या उन्हाळ्यात चिंध्या काढताना मले थे सापडली. वर्ध्याले नेऊन पेन ड्राईव्हमंदी करून आनली, आन नेटवर माह्या चॅनेलवर चपलीचा सीन टाकला. वरून गानं लावलं, लिहिलं का हा हिरो आधी संस्कार, मंग उड्डान. मीबी हासत होती. दोन दिवसात लोकं मांगू लागले का पूर्ण पिच्चर टाक, पूर्ण पिच्चर टाक. मले इतकं कोनी कधी काई मांगतलं नव्हतं. टाकला. महिन्याभरात कोनंतरी त्याच्यातून मोतीकाकाचा शॉक कापला, त्याले डीजे लावला. आठ लाख लोकायनं पाह्यला. लगनात पोरं तसं थरथरून नाचू लागले.

मामाजवळ बटनाचा फोन. त्याले समजलं कसं, तर शाळेतून येनारे पोरं दुकानासमोर चपला काढून हात जोडू लागले. दोन दिवस त्यानंबी परत हात जोडले. मंग मले म्हने, याह्यले कसं माहीत व? मी म्हनलं, टाकला असन कोनं. थो मह्याकडं पाहत राह्यला, पन पुढं इचारलं नाई.

मंग निकेश आला. बोरगाव मेघेचा, शिकलेला, चष्मेवाला. शाल आन नारळ घेऊन आला. त्याची पोरायची टोळी आहे, वर्ध्याले एक हॉल घेऊन महिन्यातून एकदा जुने फसलेले पिच्चर मोठ्या पडद्यावर दाखवते. म्हने, काका, तुमचा पिच्चर लावतो, तुमचा सत्कार करतो. मामानं शाल डोक्याले लावली. एकच अट टाकली, का प्रमिलावैनी पहिल्या लाईनमंदी बसन.

प्रमिलाकाकू मोतीकाकाची बायको. तिच्या लगनाचे फोटो आहे, शुटिंग नाई. मोतीकाका चालते-बोलते असं जगात एकाच जागी आहे, थ्या पिच्चरमंदी. आन तिनं थो काका गेल्यावर एकदाबी पाह्यला नव्हता. मामा तिच्या घरी सांगाले गेला तवा मी सोबत होती. ती निवडत होती, तूर. निवडता निवडताच म्हने, येते मी.

आन मी निकेशचं पोस्टर पाह्यलं होतं. मोतीकाकाचा थरथरतानाचा फोटो, आन वर लिहिलेलं, हसून मेलात तर आम्ही जबाबदार नाही. ज्या बाईचा नवरा तसाच गेला, तिले पहिल्या लाईनमंदी बसवून, मांगं बसून चारशे लोकं हासनार. मामाले थे पोस्टर दिसू दिलं नाई. सकाळच्या बसनं वर्ध्याले गेली, तिथून ऑटोनं बोरगाव मेघे.

निकेश घरी पोहे खात होता. मी उभ्यानंच शिव्या दिल्या. त्याची माय बाहेर आली, त्यानं तिले आत पाठवलं. मले म्हने, तुला वाटतं आम्ही टिंगल करतो. मी हा पिच्चर अकरा वेळा पाहिला. ज्याच्यावर जीव नाही ते अकरा वेळा पाहते काय कोणी? असे पिच्चर वाईट नसतात, भोळे असतात. लोकांनी ते पुन्हा एकदा प्रेमानं पाहावे म्हणून तर आम्ही हे करतो.

मी म्हनलं, "भोळा म्हनजे येडा म्हनाची शहरातली रीत आहे. आन ज्याचा फोटो तू पोस्टरवर लावला, थो मानूस असाच मेला. खंब्यावर. शॉक बसून."

त्यानं प्लेट खाली ठेवली. त्याले खरंच माहीत नव्हतं. मंग म्हने, सांग काय करू, शो बंद करू? शो बंद केला तर मामाले काय सांगनार होती मी? म्हनलं, पोस्टर काढ, आन डीपीले हात लावते तिथून थेट शेवटच्या गान्यापर्यंत काप. त्यानं हो म्हनलं. थो वाईट पोरगा नाई. मले तवा दिसलं होतं का त्याच्यात मोतीकाकाचं उठनंबी जाते. पन मी म्हनलं जाऊ दे. पडनं गेलं पाह्यजे, बस.

रविवारी दुपारी शो होता. मामानं सफारी घातली. वीजवीरचा ड्रेस इस्त्री करून पिशवीत घेतला, कोनी पाहाले मांगन म्हनून. काकूनं पिवळं लुगडं नेसलं, बसमंदी खिडकीजवळ बसली. सेलूनंतर मामाले म्हने, भाऊजी, मिशी मीच चिकटवली होती. निघे निघे अन तुमी ओरडत.

हॉल भरला होता. कॉलेजची पोरं-पोरी, काई तर वीजवीरसारखे पडदे पाठीवर बांधून आलते. सत्कार झाला. मंग पिच्चर सुरू झाला आन पहिल्या मिंटापासून हासनं. मामाच्या लांबवलेल्या बोलन्याले हासनं, मशीनवर वीज पडते त्याले हासनं. चपलीचा सीन आला तर अख्खा हॉल उभा राह्यला, समद्यायनं चपला काढल्या आन हात जोडले. मी मामाकडं पाह्यलंच नाई, मले पाहवलं नाई. पन काकूचा आवाज आला. पदरात तोंड घालून ती हासत होती. म्हने, असाच आहे बाप्पा हा मानूस, माह्या घरी पानी प्याले आला तरी चपला गल्लीत काढते. मामा उभा झाला आन मांगं वळून लोकायले हात जोडले. शिट्ट्या वाजल्या. थे इज्जत होती का टिंगल, मले तवाबी समजलं नाई, आताबी समजत नाई.

मोतीकाका पडद्यावर आला तवा काकू पुढं सरकून बसली. तिचं हासनं बंद झालं, पन रडली नाई. नुसती पाहत होती, जसं आपन एसटीच्या गर्दीत आपलं मानूस शोधतो तसं. मिशी एका बाजूनं उचकटली होती. तिचा हात आपोआप स्वतःच्या ओठाकडं गेला.

आन मंग डीपी आली. अंधारसेठनं हात पुढं केला, आन एकदम गानं लागलं. पिच्चर संपत आला.

पोरं खवळले. ज्याच्यासाठी आले होते थोच सीन नाई. मांगून एकानं सुरू केलं, शॉक, शॉक. मंग समदे. शॉक, शॉक, शॉक, पाय आपटत. मले वाटलं आता मी कोनाले तरी मारन.

मामा उठला आन निकेशच्या टेबलाकडं गेला. मी त्याच्या मांगं. मामा ओरडला नाई. त्यानं एवढंच इचारलं, "मोत्याचं काम काऊन कापलं?"

निकेशनं मह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं मी सांगतलं. काकूसाठी. लोकं तिच्यासमोर हासतीन म्हनून.

"तिले इचारलं?"

नव्हतं इचारलं.

"आठ दिवस थो घरी तालीम करे," मामा म्हने. "त्याच्यासमोर एक मानूस लाईनले चिकटला होता, थे पाह्यलं होतं त्यानं. हात कसा सुटत नाई, मान कुठं जाते. मी म्हनलं, मोत्या, एवढं नको करू, लोकं हासतीन. थो म्हने, हासू दे, पन खोटं नाई करनार. आन तू कापलं."

तेवढ्यात काकू येऊन उभी झाली. तिनं मामाकडं नाई, निकेशकडं पाहून इचारलं, "त्याच्यात हे उठते न?"

निकेश म्हने, हो काकू.

"मी तेवढ्यासाठी आली."

कापलेला सीन निकेशच्या लॅपटॉपमंदी नव्हता, त्यानं फाईलच दुसरी बनवली होती. म्हने, थांबा, नेटवर पूर्ण आहे, तिथून लावतो. मी त्याचा हात धराच्या आत त्यानं शोधला. पडद्याचं वायर लागलेलंच होतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर माहं चॅनेल उघडलं. गोल फोटोत मी, बाजूले माहं नाव, आचल, आन खाली मी लिहिलेलं, आधी संस्कार, मंग उड्डान.

मामाले वाचता येते. त्यानं वाचलं. पूर्ण वाचलं, सावकाश, जसं थो मापाची वही वाचते.

मी म्हनलं, "मामा, निदान लोकायले सांग तरी. सांग का हा मानूस मेला. चूप बसतीन."

"चूप त बसतीन," मामा म्हने. "मंग थे मोत्याले नाई पाहनार, मयताले पाहतीन. लाव गा."

निकेशनं लावलं. हॉल पुन्हा उसळला. मोतीकाका थरथरला, पोरं उठून सोबत थरथरले. मी भिंतीकडं तोंड करून उभी होती, पन कानाले कुठं तोंड फिरवता येते. हात कसा सुटत नाई, मान कुठं जाते. मामा पडद्यासमोर उभा होता. काकू खुर्चीवर गेलीच नाई, मामाच्या बाजूले उभी राह्यली. थो पडला. वीजवीरनं हात ठेवला. मी वळून पाह्यलं. मोतीकाका उठला, हात जोडले, पाकळ्या पडल्या, दोन हंस आले, आन पोरं टाळ्या वाजवून वाजवून मेले.

काकू निकेशले म्हने, आनखी एक डाव लाव गा बाबू.

त्यानं लावलं. मंग तिनं तिसऱ्यांदा सांगतलं, तिसऱ्यांदाबी लावलं. तिसऱ्या डावाले हासनं कमी झालं. थकले असतीन. कोनी मले म्हने का लोकायले समजलं असन काईतरी. मी त्याच्यातून काई काढत नाई. एका पोरीनं तर काकूसोबत सेल्फी मांगतली, आन काकूनं काढू दिली.

परतताना बसमंदी मामा पिशवी मांडीवर घेऊन बसला. ड्रेस कोनी पाहाले मांगतला नव्हता. हिंगणीचा फाटा आला तवा मी म्हनलं, मामा, मी चुकली, मी काढून टाकते थे समदं. थो खिडकीबाहेर पाहत म्हने, "तू टाकलं त्याचं काई नाई. पोरं हासतेच. मी दोन दिवस थ्या पोरायले परत हात जोडत होतो, आन तू बाजूच्या मशीनवर बसून पाहत होती. थे सांग."



आता दीड महिना झाला. मामा बोलते, पन कामापुरतं. फॉल लाव. कात्री दे. जेवली काय. पिच्चर काढू नको म्हने, फक्त खाली नावं लिही, पिच्चरमंदी लिहाचे राह्यले होते. मी लिहिले. वीजवीर, प्रेमदास. अंधारसेठ, मोतीलाल. मिशी, प्रमिला. थे शेवटचं मामानं सांगतलं. खाली अजूनबी लोकं हासनारे चेहरे लावते. पहिले मी एकेकाले शिव्या लिहीत होती. आता वाचते नुसती. काई लोकं लिहिते का मी शेवटपर्यंत पाह्यला. त्यायले मी काई लिहीत नाई, पन त्यायचे नावं मले पाठ झाले.

परवा प्रमिलाकाकू ब्लाऊज टाकाले आली. नवीन फोन घेतला तिनं, पोरीनं घेऊन दिला. मले म्हने, थे उठतानाचं एवढं मह्या फोनमंदी टाकून दे व माय. मी इचारलं, फक्त उठतानाचं देऊ काय? पडतानाचं काढून टाकते.

काकू म्हने, "काऊन? पडला म्हनून त उठला थो. समदं दे."

मामा ब्लाऊजच्या कापडाचं माप घेत होता. त्यानं फूटपट्टी ठेवली आन चहा प्याले समोर निघून गेला. मी समदं दिलं. काकूनं तिथंच उभ्यानं पाह्यलं, आवाज मोठा करून. तिच्या फोनमधून मामाचा थो लांबवलेला आवाज आला, अन रस्त्यापलीकडं मामा हॉटेलच्या बाकावर पाठ करून बसला होता. पिच्चर संपेपर्यंत कप त्याच्या हातात तसाच भरलेला होता.